बोटं कडक करण्याचे उपाय

गिटार चांगली कशी वाजवावी, हे मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी सांगितलं. त्यांतल्या एकालाच गिटार वाजवता येत होती. बाकीच्यांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती, आणि पाहिली असेल तर माझ्याच हातात. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सल्ला द्यायला आमच्याकडे कोणाची जीभ अडखळत नाही. उलट पाहिलेली नसली की माणूस जास्त मोकळेपणानं बोलतो.

मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. ते म्हणाले, "वाजवतानी लोकाइकडं पाहू नको. पंगतीकडं पाह्यजो. किती जेवले, किती राह्यले, त्याच्यावरून कधी थांबाचं ते समजते." भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बुवांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "याच्यात सा कुठी हाय?" मी दाखवला तर म्हणाले, "मंग बाकीच्या तारा कायच्या हायेत?" हाच प्रश्न बाबांनाही पडला होता. ते म्हणाले, "सहा तारा कायले पायजेत? एकतारीवर लोकं देवाले पोचले."

आम्ही नाचणगावचे. पुलगाव तिथून सायकलनं अगदी जवळ. बाबांची थोडी शेती होती आणि हंगामात ते पुलगावच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचे, म्हणजे बैलगाड्यांतून आलेला कापूस तोलून घ्यायचे. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. घरी बसलो होतो हे लोकांचं म्हणणं. खरं तर मी दोन म्हशींचं दूध काढून पुलगावात लष्कराच्या डेपोच्या क्वार्टरांमध्ये घालायचो, गोठा झाडायचो आणि दिवसभर शिव्या खायचो. एवढं करणाऱ्याला घरी बसलेला का म्हणतात, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या क्वार्टरांमध्ये दक्षिणेकडचे एक कारकून बदलून आले. एकटेच होते. सकाळी मी दूध घेऊन जायचो तेव्हा दार उघडं असायचं आणि ते बनियनवर खुर्चीत बसून गिटार वाजवत असायचे. मी भांड्यात दूध ओतायचो आणि तसाच उभा राहायचो. रेडिओवर गाण्यांच्या मागे काहीतरी वाजतं एवढंच मला ठाऊक होतं. ते काय असतं आणि कुठून येतं, हे असं हाताच्या अंतरावरून पाहिलं तेव्हा माझे पाय तिथून निघेनात. पुढच्या क्वार्टरातल्या बाई रोज ओरडायच्या, दुधाला उशीर का म्हणून. शेवटी तेच एक दिवस हिंदीत म्हणाले, "दूध फट जाएगा. बाद में आओ, बैठ के सुनो."

मी त्यांना सर म्हणू लागलो. सरांकडे दोन गिटारी होत्या. एक चांगली आणि एक जुनी, जिच्या कडेला चीर गेली होती आणि ती त्यांनी डिंकासारखं काहीतरी लावून बुजवली होती. जुनी त्यांनी मला घरी न्यायला दिली. मी ती चादरीत गुंडाळून सायकलवर आणली तर गल्लीतल्या लोकांना वाटलं, कोणाचं तरी लेकरू आजारी आहे.

सर बोलायचे कमी, आणि त्यांची हिंदी माझ्या हिंदीपेक्षाही गरीब होती. पण जे सांगायचे ते कामाचं असायचं. "दबाना नहीं, रखना," ते म्हणायचे. म्हणजे बोट तारेवर ठेवायचं, तिचा गळा दाबायचा नाही. अंघोळ झाल्याबरोबर वाजवायचं नाही, कारण ओली कातडी फाटते. रोज थोडं वाजवायचं, एका दिवशी सगळं उरकायला पाहायचं नाही. हात अवघडला की सोडून द्यायचा, चहा प्यायचा. हळू वाजवायचं. त्याहून हळू. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. जिथं चुकलं तेवढाच तुकडा घोळत बसायचं. आज कोणी मला विचारलं तर मी यातलं एक अक्षर बदलणार नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, आणि ती त्यांना सांगता येणंही शक्य नव्हतं, कारण त्यांच्या मुलखात ती कोणाच्या डोक्यातच आली नसती.

माझं घोडं अडलं ते एफवर. गिटारमध्ये चार-सहा तारा एकदम वाजवून एक मेळ धरतात, त्याला कॉर्ड म्हणतात. त्यातली ही एक. तिच्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकावं लागतं आणि उरलेली बोटं पुढे जाऊन आपापल्या जागा धरतात. लिहायला सोपं आहे. करायला गेलं की सहातल्या दोन तारा वाजतात आणि चार तारा पत्र्यावर खडा पडल्यासारखा आवाज करतात. दिवाळी गेली, थंडी पडायला लागली, तरी माझे खडे पडतच होते.

आणि नेमकं तेव्हाच सरांनी मला सांगितलं की त्यांची बदलीची ऑर्डर आली आहे. नाताळ झाला की जायचं. क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत दरवर्षी नाताळाचा कार्यक्रम व्हायचा, त्यात ते वाजवणार होते. त्यांचा एक मित्र नागपूरला ऑर्केस्ट्रा चालवायचा, तो ऐकायला येणार होता. त्याला गाण्याच्या मागे कॉर्ड धरणारा एक गिटारवाला हवा होता. सर म्हणाले, तू माझ्याबरोबर बस, मी पुढचं वाजवतो, तू मागचं धर. त्याला आवडलं तर तो तुला घेऊन जाईल.

घेऊन जाईल, हे दोन शब्द मी सायकलवर घरापर्यंत तोंडात घोळवत आणले. नागपूर. रोज संध्याकाळी वाजवायचं आणि सकाळी दूध घालायचं नाही. सर निघून गेल्यावर पुलगावापासून वर्ध्यापर्यंत मला शिकवणारा एकही माणूस मला माहीत नव्हता. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका कार्यक्रमात व्हायचं होतं. नाहीतर म्हशी होत्याच.

मग मी सरांचं एकही न ऐकता वाजवायला लागलो. रोज थोडं वगैरे सगळं बाजूला. गोठ्याच्या शेजारच्या खोलीत बसून एफ धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आणि एका रविवारी तो वाजला. सरांच्याच क्वार्टरात, त्यांच्यासमोर. सहाच्या सहा तारा, एकही अडकली नाही. सरांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली आणि "हो गया" एवढंच म्हणाले. मी पुन्हा धरला, पुन्हा वाजला. मला रडू येईल की काय असं झालं. ते दिसू नये म्हणून मी उठून त्यांचा माठ भरून आणला, जो भरलेलाच होता.

त्या आनंदात मी घरी येऊन एवढं वाजवलं की डाव्या हाताची बोटं शेंड्याला फुटली. कातडी सुटून खाली लाल दिसायला लागलं. कार्यक्रमाला थोडेच दिवस राहिले होते. मी बोटं थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ओसरीवर बसलो होतो तेव्हा आई शेतातून आली.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. आई दिवसभर वेचून यायची. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती रोज बोटांत शिरतात. आईच्या बोटांना ती लागत नसत, इतकी तिची कातडी घट्ट झाली होती. ती माझ्या गिटारबद्दल कधी काही बोलली नव्हती. बाबा चिडायचे, मामा हसायचे. आई नुसती त्या खोलीवरून येता-जाता दार ओढून घ्यायची, म्हशी बुजू नयेत म्हणून. त्या दिवशी तिनं कापसानं भरलेली कमरेची ओटी सोडली, बादलीतून माझा हात वर काढला आणि बोटं पाहिली.

"मले सांगतलं काऊन नाई?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "सांगून काय करशीन? बोटं कडक व्हाले पायजेत, बस. टाइम लागते त्याले."

"किती टाइम हाय?"

मी सांगितलं. नागपूरच्या माणसाचंही सांगितलं. तिला हे सगळं मी पहिल्यांदाच सांगत होतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कडक कराची तं साधी गोष्ट हाय. माह्या टाचा पाय." आणि घरात जाऊन तिनं फडताळातून बिबा आणला.

बिबा आमच्याकडे घरोघरी असतो. काळं, कडक, बोराएवढं फळ. ते सुईला टोचून विस्तवावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. टाचांना भेगा पडल्या, पायात कुरूप झालं, की बायका त्याचा चटका देतात. कातडी काळी पडते आणि चामड्यासारखी होते. आई लग्न होऊन आल्यापासून दर थंडीत टाचांना बिबा लावत आली होती. तिला काही झालं नव्हतं. तिच्या दृष्टीनं बोटं आणि टाचा यांत फरक काय? दोन्हीकडे कातडी आहे, दोन्हीकडे ती फुटते. मलाही तो फरक सुचला नाही. आई माझ्या गिटारसाठी काहीतरी करते आहे, एवढंच मला दिसत होतं, आणि ते पाहून मला इतकं बरं वाटत होतं की मी हात पुढे केला.

"जरासं पोयीन," ती म्हणाली. एकेका शेंड्याला तिनं चटका दिला. चारही बोटांना. मग फुंकर घातली. "आता पाह्यजो. तारच काय, बोरीचा काटा बी नाई रुतणार."

टाचेची मेलेली कातडी वेगळी आणि बोटाची फुटलेली, उघडी पडलेली कातडी वेगळी, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बिबा उतला. ज्याला तो सोसत नाही त्याच्या अंगावर तो असा पसरतो, त्याला आम्ही बिबा उतणं म्हणतो. आधी खाज, मग सूज, मग पाण्यानं भरलेले फोड. बोटांची गाजरं झाली. नकळत मी तोच हात डोळ्याला लावला होता, तर डोळाही मिटला. मनगटापर्यंत हात तापून लाल झाला. पुलगावच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि हात उताणा करून पाहत म्हणाला, कातडी सगळी जाणार, नवी यायला वेळ लागणार. मी विचारलं, नाताळपर्यंत? त्यानं मलमाची डबी माझ्या उजव्या हातात ठेवली.

बाबांनी आईला फार बोलून घेतलं. "पोरगं हाय का ढोर, डागण्या द्यायले?"  ती पाट्यावर खोबरं आणि तीळ वाटत होती, कारण बिब्यावर तोच उतारा. ती माझ्या हातावर लेप द्यायची, वाळला की धुवायची, पुन्हा वाटायला बसायची. वेचणीला गेली नाही. मी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड करायचो. मला तिचा राग आला होता. असा राग, की तिनं पाण्याचा गडवा पुढे केला तरी मी तो घेत नव्हतो. ती तो खाटेखाली ठेवून जायची, मग मी घ्यायचो. मनात मी तिला काय काय बोललो ते लिहायची गरज नाही. तोंडानं एक शब्द बोललो नाही, कारण बोलणार तरी काय? तिनं वाईट केलं असतं तर भांडता आलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पांढऱ्या धडप्यात हात बांधून निघालो. आई म्हणाली, "मी येतो तुह्या संगं." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, येतो, जातो. मी नको म्हटलं तरी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं होतं. मी सायकल हातात धरून चाललो आणि ती माझ्या मागून. 

सरांनी धडपा सोडून माझा हात पाहिला. आई पुढे झाली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "मैंने किया साहेब. बिबा लगाया मैंने." सरांना बिबा म्हणजे काय ते कळेना. तिनं टाच पुढे करून दाखवली. मग माझी बोटं दाखवली. सरांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर बसली.

नागपूरचा माणूस आलेला होता. पांढरे बूट, केसांना तेल. सरांनी माझ्याकडे बोट करून त्याला काहीतरी सांगितलं. तो माझ्याकडे पाहून हसला, वाईट नाही, चांगलंच हसला, आणि म्हणाला, "हाथ ठीक हो जाए तो देखेंगे." पण लग्नसराई तोंडावर होती आणि त्याला माणूस आता हवा होता. तिथंच कार्यक्रमात डेपोतल्या एका जवानानं गिटार वाजवली. नाताळ झाल्यावर तो रजेवर नागपूरला गेला तो ऑर्केस्ट्रात वाजवूनच आला, असं पुढे मी ऐकलं.

मी आईजवळ सतरंजीवर बसलो होतो. सर एकटेच वाजवत होते. जे मी धरणार होतो तेही तेच मधूनमधून धरत होते. आईनं गिटार आजवर ऐकली होती ती माझीच, गोठ्याच्या भिंतीतून, तीही एकाच एफची फरफट. सबंध गाणं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती हातात पदर धरून अगदी स्थिर बसली होती. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुले असंच वाजवाले येत होतं का रे?"

इतके दिवस भिंतीकडे तोंड करून मी याच प्रश्नाची वाट पाहिली होती. उत्तर तयार होतं. येत होतं, आणि तू ते घालवलंस. एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती घाबरली होती. माझी आई कशाला घाबरलेली मी तोवर पाहिली नव्हती. सापाला सुद्धा ती केरसुणीनं हाकलायची.

"नाई माय," मी म्हटलं. "मले कायचं येते? सर उगाच चढवून राह्यले होते मले. आज वाजवलं असतं तं फजितीच झाली असती."

"खरंच?"

"खरंच."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं. घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती आणि बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं, "त्याले येतच नव्हतं ते. त्यानंच सांगतलं मले." मामा आले तर मामांना सांगितलं. वेचणीतल्या बायकांना सांगितलं. त्यात मला कमी लेखायचा हेतू अजिबात नव्हता. तिच्या मनावरचा दगड उतरला होता आणि ती तो दिसेल त्याला दाखवत होती. मी समोर असलो तर ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो.

सर जायच्या दिवशी मी चादरीत गुंडाळलेली जुनी गिटार परत द्यायला गेलो. त्यांचं सामान दोरीनं बांधून झालं होतं. त्यांनी गिटार घेतली नाही. "यह तेरा," ते म्हणाले. "हाथ ठीक होगा. फिर बजाना."

मला ती हवी होती. आजवर कोणतीही वस्तू मला इतकी हवीशी वाटली नव्हती. पण ती घरी नेली असती तर मी वाजवली असती, आणि वाजवली असती तर आली असती. एफ एकदा येऊन गेला होता, पुन्हा आला असता. मग गोठ्याच्या भिंतीतून आईला सबंध गाणं ऐकू गेलं असतं, आणि मी त्या सतरंजीवर तिला काय सांगितलं होतं आणि का, हे तिला कळून चुकलं असतं. मी म्हटलं, "नहीं सर. अब मेरा मन नहीं लगता." सरांना वाटलं, पोराची हौस एवढीच होती. त्यांनी गिटार सामानावर ठेवली. जाताना हात मिळवला तो उजव्या हाताशी. 

नवी कातडी आली ती लहान पोराच्या बोटांसारखी मऊ आली. पुढच्या हंगामात बाबांनी मला जिनिंगमध्ये चिकटवलं. ऐंशी साल उजाडलं, लग्न झालं, टेप आला, टीव्ही आला. कुठं गिटार वाजायला लागली की आई आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "आमच्या यानं बी धरली होती. जमली नाई त्याले." इतक्या वेळा ऐकलं की सरांनी खरंच बशी खाली ठेवली होती का, सहाही तारा खरंच वाजल्या होत्या का, हे आता मी शपथेवर सांगू शकणार नाही.

एकदा दुपारी टीव्हीवर कोणीतरी गिटार वाजवत होतं. बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही बोटं कशी हालवून राह्यले? तुमाले खरंच येत नव्हती का?" आई शेजारी सुपात तूर घेऊन खडे वेचत बसली होती. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही, पण हात थांबलेलाच होता.

"नव्हती येत," मी म्हटलं.

आई पुन्हा खडे वेचू लागली.